हात मागं घ्यायला शिका : चावऱ्या पोपटाशी दोस्ती करताना

आमच्या पैलवानाचं वजन ७० ग्रॅम आहे. साधारण एका बटाटेवड्याएवढं. तो घरी आला त्या पहिल्या आठवड्यात माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या होत्या आणि शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत निम्म्या लोकांनी "काय रं, मांजर पाळलंस काय?" असं विचारून घेतलं होतं. पैलवान म्हणजे ग्रीन चीक कोनूर, दक्षिण अमेरिकेतला छोटा पोपट. आधीच्या घरात 'सारखा चावतोय' म्हणून नकोसा झाला आणि आमच्याकडं आला. (त्याला 'तो' म्हणतो ते आमच्या सोयीसाठी. या जातीत नर-मादी नुसतं बघून ओळखता येत नाही. डीएनए चाचणी लागते आणि ती आम्ही केलेली नाही.)

पहिले दोन महिने मी जवळजवळ सगळं चुकीचं केलं. कोल्हापुरात लहानपणापासून कानावर पडतं ते एवढंच, की पाय मागं घ्यायचा नाही. पोपट चावला तरी हात तिथंच ठेव, आपण भीत नाही हे त्याला कळू दे, असा सल्ला मला तिघांनी दिला आणि मी तो इमानेइतबारे पाळला. त्याचं फळ असं, की आधी इशारा देऊन चावणारा पैलवान बिनइशाऱ्याचा चावायला लागला. असं का होतं ते पुढं सांगतो, कारण या सगळ्या लेखाचा जीव तिथंच आहे.

सुरुवातीआधी दोन गोष्टी

पहिली कायद्याची. आपल्याकडं झाडांवर दिसणारे पोपट, म्हणजे गळ्याला गुलाबी कंठ असलेला राघू, खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा पहाडी पोपट, जांभळट डोक्याचा छोटा पोपट, हे पाळणं, विकणं, विकत घेणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. 'पिल्लू झाडावरून पडलं होतं' ही सबब चालत नाही. तसा पक्षी घरात असेल तर आधी वन विभागाशी बोला. त्याला शिकवण्याच्या गोष्टी इथं सांगत नाही.

परदेशी पोपट पाळता येतात, पण कोनूर, आफ्रिकन ग्रे, मकाव अशा, वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत असलेल्या जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कॉकटील आणि बजरी हे छोटे पोपट या यादीत नाहीत. बजरीला आपल्याकडं बाजारात 'लव्हबर्ड' म्हणूनच विकतात. खरा लव्हबर्ड वेगळा आणि चोचीनं चांगलाच खंबीर असतो, हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

दुसरी गोष्ट तब्येतीची. कालपर्यंत हातावर येणारा पक्षी आज अचानक चावायला लागला असेल तर शिकवायला बसू नका, पशुवैद्याकडं न्या. पक्षी आजारपण लपवतात, कारण रानात दुबळा दिसला तो संपला. अंग फुगवून बसणं, दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाला बसणं, विष्ठेचा रंग किंवा पातळपणा बदलणं, बसल्या बसल्या शेपूट श्वासाबरोबर वरखाली होणं, ही काळजीची लक्षणं आहेत. आणि पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. आपल्या भागात गाई-म्हशी आणि कुत्र्यांचे डॉक्टर भरपूर, पण पोपट तपासणारा कोण हे फोनवर विचारूनच जावं. मी स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये दाखवणारा वजनकाटा घेतला आहे. रोज सकाळी, खाण्याआधी, पैलवानाचं वजन वहीत लिहितो. दहा टक्के वजन उतरलं तर वाट बघायची नाही.

पहिले दहा-बारा दिवस काहीच करू नका

नवीन पक्षी आला की सगळं घर पिंजऱ्याभोवती गोळा होतं. शेजारची पोरं येतात, कोण बोट घालतं, कोण शिट्टी मारतं, कोण 'मिठू मिठू' करून घसा कोरडा करतं. पोपटाच्या बाजूनं बघा. रानात तो शिकार होणारा जीव आहे. दोन डोळे समोर रोखून, हात पुढं करून जवळ येणारा मोठा प्राणी त्याच्या लेखी एकाच कामासाठी येत असतो.

पिंजरा भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे निदान एका बाजूची धास्ती मिटते. उंची आपल्या छातीइतकी. जागा माणसांच्या वावराची असावी, पण दाराच्या तोंडाशी नको आणि स्वयंपाकघरात तर मुळीच नको. रात्री दहा-बारा तास शांत अंधार मिळायला हवा. आमच्याकडं टीव्ही अकरापर्यंत चालायचा आणि पैलवान सकाळी चिडचिडलेला असायचा. आता रात्री आठला त्याचा पिंजरा आतल्या खोलीत जातो. केवळ झोप सुधारल्यानं चावणं बरंच उतरलं, हे मी छातीठोक सांगतो.

या दिवसांत तुमचं काम एवढंच, की जवळपास बसायचं, आपलं काही वाचायचं, हळू आवाजात बोलायचं, अन्नपाणी बदलायचं आणि निघून यायचं. शक्यतो त्याच्याकडं थेट टक लावून बघू नका, तिरकं बसा. जाता जाता भांड्यात एखादी आवडीची बी टाका. हा माणूस आला की काहीतरी चांगलं पडतं आणि तो काही मागत नाही, एवढं त्याच्या डोक्यात बसलं की पहिला टप्पा झाला. कुणाला चार दिवस लागतात, कुणाला महिना.

चावण्याआधी तो बोलतो, ते ऐका

पोपट एकदम चावत नाही. तो आधी बोलतो, पण अंगानं बोलतो.

सगळ्यात आधी तो स्तब्ध होतो. खात असेल तर चोच थांबते, पिसं चोपून अंगाला चिकटतात, मान उंच होते, अंग थोडं मागं झुकतं. बऱ्याच जणांना ही पायरी दिसतच नाही, कारण पोपट 'शांत बसलाय' असं वाटतं. हा सगळ्यात महत्त्वाचा इशारा आहे. त्यानंतर तो बाजूला सरकतो किंवा दांडीच्या दुसऱ्या टोकाला जातो. त्यानंतर मानेवरची पिसं उभी राहतात, शेपटीचा पंखा होतो, डोळ्यातली बाहुली क्षणात बारीक, क्षणात मोठी होते. (बाहुलीचं हे चाळवणं आनंदातही होतं, म्हणून एकट्या डोळ्यावर निकाल देऊ नका, सगळं अंग बघा.) कॉकटील असेल तर डोक्यावरचा तुरा चप्प मागं बसतो आणि फिस्कारल्यासारखा आवाज येतो. मग उघडी चोच. मग अंगावर धावून येणं. आणि एवढ्या सगळ्यानंतर चावा.

म्हणजे चावण्याआधी त्यानं चार-पाच वेळा 'नको' म्हटलेलं असतं. आता माझी चूक बघा. मी त्याच्या प्रत्येक 'नको'वर हात पुढंच नेत राहिलो. त्यानं मान चोपली, हात पुढं. बाजूला सरकला, हात पुढं. चोच उघडली, तरी हात पुढं. चावला की मात्र हात झटकन मागं. यातून तो काय शिकला? मधल्या सगळ्या गोष्टी फुकट आहेत, या माणसाला एकच भाषा कळते. मग हुशार पक्षी मधल्या पायऱ्या गाळतो आणि सरळ शेवटची वापरतो. त्याला 'बिनइशाऱ्याचा' मीच केला.

उपाय तसा सोपा, पण आपल्या स्वभावाला जड. पहिल्या इशाऱ्यावर हात मागं घ्यायचा. उघड्या चोचीपर्यंत थांबायचं नाही. तो स्तब्ध झाला, की तिथंच हात थांबवायचा आणि शांतपणे मागं न्यायचा. मला हे पटायला वेळ लागला. आमचे एक काका कुस्तीतले जाणकार, त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग त्यो डोक्यावर बसंल की!" तसं होत नाही. नुसता 'नको' पुरतोय हे कळलं की चोचीची गरजच कमी होते. पुढं काकांनाच मी पैलवानासमोर बसवलं आणि त्याचं अंग वाचायला सांगितलं. समोरचा कुठल्या पायावर भार टाकतोय हे हेरायची सवय असलेला माणूस, पाचव्या मिनिटाला म्हणाले, "आता मान ताठ झाली बघ, आता जाऊ नको." माझ्याआधी त्यांना दिसलं.

एक आठवडा नुसती वही घाला. कधी चावला, त्याआधी काय चाललं होतं, हात कुठं होता, त्याचं अंग कसं होतं, नंतर तुम्ही काय केलं. माझ्या वहीत दहा दिवसांतच एक गोष्ट उघडी पडली. जवळजवळ सगळे चावे पिंजऱ्याच्या आत, भांडी बदलताना होते. बाहेर दांडीवर असताना फार कमी. म्हणजे तो 'चावरा' नव्हता, घराची राखण करत होता. आता भांडी बदलायची असली की आधी त्याला बाहेर घेतो. अर्धे चावे तिथंच संपले.

प्रत्येक चोच म्हणजे चावा नव्हे

इथं एक गफलत सगळेच नवे लोक करतात. पोपटाच्या पायाला दोन बोटं पुढं, दोन मागं असतात आणि चोच हा त्याचा तिसरा हात असतो. नव्या फांदीवर पाय ठेवण्याआधी तो चोचीनं ती चाचपतो. तुमच्या बोटावर चढतानाही तेच करतो. नव्या माणसाला वाटतं चावला, तो हात खेचतो, पोपटाचा तोल जातो. पुढच्या वेळी तो जास्त घट्ट धरतो, कारण ही फांदी हलते हे त्याला कळलेलं असतं.

मग हात मागं घ्यायचा की ठेवायचा? अंग सैल आहे, तो स्वतःहून पुढं झुकलाय आणि चोच हळू लागतेय, तर हात भिंतीसारखा स्थिर ठेवा. अंग ताठ आहे आणि तुम्ही त्याच्याकडं चाललाय, तर चोच लागायच्या कितीतरी आधी मागं या. मधेच, चोच लागल्यावर झटका देणं तेवढं टाळायचं.

खाऊ ठरवा

शिकवण्याला चलन लागतं. एका वाटीत सात-आठ गोष्टी ठेवा आणि तो आधी काय उचलतो ते दोन-तीन दिवस बघा. सूर्यफुलाची बी, करडई, राळ्याचे दाणे, बाजरीच्या कणसाचा तुकडा, डाळिंबाचा दाणा, पेरूची फोड, मक्याचा दाणा. जे पहिलं उचलतो ते रोजच्या भांड्यातून काढून टाका आणि फक्त तुमच्या हातून मिळू द्या. पैलवानाला सूर्यफूल. एका बीचे दोन तुकडे करतो, नाहीतर चार बियांत पोट भरतं. बी तेलकट असते, तिच्यावरच पोसलेला पोपट लठ्ठ होतो आणि जीवनसत्त्व अ कमी पडून आजारी पडतो. म्हणून रोजचं जेवण पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणारा गोळीदार खुराक), पालेभाजी, गाजर, मोडाची कडधान्यं असं असू दे, बी बक्षिसापुरती.

उपाशी ठेवून शिकवू नका. एवढ्याशा जिवाला उपास झेपत नाही. सकाळचं खाणं देण्याआधीची पाच मिनिटं पुरतात.

अॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारट फरसाण हे अजिबात नाही. तांबड्या रश्श्यात भिजवलेला भाकरीचा तुकडा प्रेमानं देणारे आहेत, त्यांना हात जोडून थांबवा, त्यात मीठ आणि लसूण दोन्ही असतं. मिरचीचं मात्र उलट आहे. "मिरच्या खाऊन खाऊन तापट झालंय बघ ते," असं आमची आजी अजूनही म्हणते. पण मिरचीतला तिखट घटक, कॅप्सेसिन, पक्ष्यांना सस्तन प्राण्यांसारखा जाणवत नाही. आपल्याला घाम फोडणारी लवंगी तो काकडीसारखी खातो. त्याचा राग मिरचीतून येत नाही.

अंतराचा हिशोब

आता खरं काम. पिंजऱ्यात पोपट निवांत आहे. तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून हळू पुढं या. ज्या ठिकाणी त्याचं अंग पहिल्यांदा ताठ होतं, तिथं फरशीवर खडूनं रेघ मारा. घरातले हसतील, हसू द्या. रोजचं काम रेघेच्या एक पाऊल अलीकडं. तिथं उभं राहायचं, दोन शब्द बोलायचे, तो सैल आहे तोवरच मागं फिरायचं. त्याला ताण येण्याआधी तुम्ही गेलात, हेच त्याच्यासाठी बक्षीस. रेघ रोज थोडी पुढं सरकते. एखाद्या दिवशी मागंही जाते. गल्लीत लग्नाची वरात वाजून गेली, पाहुणे आले, पाऊस कडाडला, की आमची रेघ दोन पावलं मागं जायची. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पिंजऱ्यापाशी पोचलात की गजांतून खाऊ. बोटानं नको, लांब दांडीच्या चमच्यानं द्या. चमचा जवळ येताना अंग सैल आहे ना ते बघा. घेतला की 'शाब्बास' म्हणा. शब्द कुठलाही चालेल, पण एकच, छोटा, दरवेळी त्याच सुरात आणि त्यानंतर खाऊ नक्की. काही लोक टिकटिक वाजणारा क्लिकर वापरतात. मी जिभेनं टॉक् करतो, कारण क्लिकर हवा तेव्हा सापडत नाही. आवाजाचा उपयोग असा, की नेमकं कुठल्या क्षणाला बक्षीस मिळालं हे त्याला कळतं.

मग काडी. बांबूची स्वच्छ काडी घ्या, जेवायच्या चॉपस्टिकसारखी. उदबत्तीची काडी नको, तिला वास आणि रसायन असतं. काडीचं टोक गजांबाहेरून त्याच्यापासून वीतभर लांब धरा. कुतूहलानं त्यानं टोकाला चोच लावली की टॉक्, आणि खाऊ. पाच-सहा वेळा झालं की उजेड पडतो, टोकाला टेकलं की बी मिळते. मग टोक दोन इंच डावीकडं, दोन इंच वर, दांडीच्या पलीकडच्या टोकाला. थोड्याच दिवसांत तो काडीमागं पिंजराभर फिरतो. हात न लावता, न ढकलता तुम्ही त्याला हवं तिथं नेऊ शकता, आणि तो स्वतःच्या पायांनी येतोय. माझ्या मते नव्या माणसानं एकच गोष्ट शिकायची असेल तर ही काडी शिकावी. बाकी सगळं हिच्यावर उभं राहतं.

एका बैठकीला तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. तो कंटाळायच्या आत थांबा. 'आज जमतंय, अजून थोडं करू' हा मोह वाईट. माझ्या वहीतले मोठे चावे याच मोहाचे आहेत.

दांडी, मग हात

थेट हातावर घेऊ नका. पेरूची फांदी आणा, बोटापेक्षा थोडी जाड, फवारणी नसलेल्या झाडाची, धुऊन वाळवून. पिंजऱ्याच्या उघड्या दारात ती धरा आणि काडी अशी दाखवा की तिथवर पोचायला एक पाय फांदीवर ठेवावा लागेल. एक पाय ठेवला, टॉक्, बी. पाय काढून घेतला तरी बी परत घ्यायची नसते. दोन दिवसांनी दोन पाय. मग फांदी दोन बोटं हलते, मग पिंजऱ्याबाहेर येते. प्रत्येक वेळी त्याला परत जायची मुभा. दार उघडं.

फांदीवर तो बिनधास्त यायला लागला की फांदी रोज थोडी आखूड धरा. म्हणजे तुमचा हात त्याच्या पायांच्या जवळ जवळ सरकतो. शेवटी फांदीच्या जागी बाजूनं येणारी, स्थिर, आडवी तर्जनी असते. वरून झडप घातल्यासारखा हात कधी आणू नका. छातीला बोट दाबून 'चढ' म्हणायची जुनी रीत आहे. चढतो खरा, पण तोल सावरायला चढतो.

हातमोजे घालू नका. चाव्याची भीती फार असेल तर महिनाभर फांदीवरच राहा, त्यात काही कमीपणा नाही. जाड चामडी मोज्यांत तुम्हाला तो कळत नाही आणि त्याला मात्र पकडणारा मोठा पंजा कळतो. पक्षी पूर्ण भरवशाचा होईपर्यंत खांद्यावरही नको. तिथं डोळा, कान, ओठ सगळं चोचीच्या टप्प्यात असतं आणि त्याचं अंग तुम्हाला दिसत नाही.

बाहेर काढण्याआधी पंखा बंद. हे मोठ्या अक्षरात लिहून स्विचवर चिकटवा. खिडक्या, दारं, पाण्याच्या बादल्या, गॅस, सगळं बघून घ्या. 'पंख कापा म्हणजे माणसाळतो' असं विकणारे सांगतात. मला ते पटत नाही. भ्यालेल्या पक्ष्याकडं दोनच वाटा असतात, उडून जाणं नाहीतर चावणं. पहिली बंद केली की उरते कुठली?

विकणारे आणखी एक सांगतात, की डोळे नुकते उघडलेलं पिल्लू घ्या, सिरिंजनं भरवा, मग आयुष्यभर चावणार नाही. नवशिक्यानं भरवताना अन्न श्वासनलिकेत जाऊन किंवा जास्त गरम असल्यानं पिल्लं मरतात. स्वतः खायला लागलेला पक्षीच घ्या.

तरी चावलाच तर

चावणारच. ओरडू नका. पोपटाला आवाज आवडतो, तुमचं 'आई गं!' हा त्याच्यासाठी तमाशा असतो. फुंकर मारणं, चोचीवर टिचकी, हात गदागदा हलवून पाडणं यांतलं काहीही करू नका. एका दुकानात मला हात हलवायचा सल्ला मिळाला होता. मी तो दोनदा केला आणि त्यानंतर पैलवान तीन आठवडे माझ्या हाताकडं बघतसुद्धा नव्हता.

घट्ट धरलं असेल तर खेचू नका, कातडी फाटते. हात खाली, जवळच्या दांडीपाशी किंवा टेबलापाशी न्या, त्याला पाय टेकू द्या, सुटेल. मग तोंड फिरवून अर्धा मिनिट गप्प उभे राहा. शिक्षा म्हणून पिंजऱ्यात कोंडू नका, नाहीतर पिंजरा म्हणजे तुरुंग होतो आणि संध्याकाळी आत घालताना पुन्हा चावे.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा. खोल असेल तर डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. पोपटाच्या चाव्यानं रेबीज होत नाही, तो सस्तन प्राण्यांचा रोग. मात्र पक्षी पाळणाऱ्याला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला आला तर 'घरी पोपट आहे' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पक्ष्यांकडून माणसाला होणारा सिटॅकोसिस नावाचा आजार आहे, वेळेत कळला तर प्रतिजैविकांनी बरा होतो.

घरातली माणसं आणि वयात आलेला पक्षी

आमच्या आईला तो एकदाही चावलेला नाही. कारण तिनं त्याला कधी हात लावायचा प्रयत्नच केला नाही, नुसती येता-जाता बोलते. पोपट माणसं निवडतात, त्यात रुसण्यासारखं काही नाही. ज्याला तो चावतो त्यानंच काही दिवस खाऊ द्यावा आणि ज्याच्यावर जीव आहे त्यानं त्या वेळी खोलीबाहेर राहावं. दहा वर्षांखालच्या मुलांना फांदी आणि चमचा द्या, बोटं नकोत.

कोनूर साधारण वर्ष-दोन वर्षांत वयात येतो. शहाणा झालेला पक्षी तेव्हा पुन्हा चावायला लागतो, आणि लोक म्हणतात सगळं फुकट गेलं. फुकट जात नाही. अंगावरून, पंखाखालून, शेपटीपाशी कुरवाळणं बंद करा, ते त्याला जोडीदाराचं वागणं वाटतं. डोकं आणि मान एवढंच. पिंजऱ्यातलं कापडी घरटं, खोके, सोफ्याखालचा अंधार, सगळं काढा. झोपेचे तास वाढवा आणि दोन-तीन आठवडे पुन्हा काडी आणि फांदीवर या.

आपल्या गावाचं वर्षभराचं गणित

उन्हाळ्यात घरोघरी चटणी होते. डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या गिरणीत, नेण्याआधी खोबरं, मसाला, मिरची भाजतात तेव्हा माणसंच खोकून बेजार होतात. पक्ष्याची फुप्फुसं आपल्यापेक्षा फार नाजूक. त्या दिवशी पैलवान मावशीकडं जातो. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेनं पोपट काही मिनिटांत मरू शकतो, म्हणून आमच्याकडं तो तवाच नाही. धूप, कापूर, डासांची कॉइलही त्याच्या खोलीत नाही.

गणपतीत मिरवणुकीचा आवाज आणि दिवाळीत फटाके. त्या आठवड्यांत शिकवणी बंद, पिंजरा आतल्या खोलीत, एक बाजू झाकलेली, नेहमीचा खाऊ नेहमीच्या वेळी. घाबरलेला पक्षी समोर येईल त्याला चावतो. ते मनावर घ्यायचं नाही.

आणि पावसाळा. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठतं, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला नदीकाठच्या कितीतरी घरांनी रातोरात सामान बांधलं. त्या वेळी पोपटाला टॉवेलात धरून पिशवीत कोंबायची वेळ आली, तर सहा महिन्यांची मेहनत एका मिनिटात जाते. म्हणून काडी शिकवून झाली की पुढचा धडा प्रवासी पिंजऱ्याचा. तो महिनाभर टेबलावर दार उघडं ठेवून नुसता पडू द्या. काडीनं दारापर्यंत, मग एक पाय आत, मग आत जाऊन बी खाऊन बाहेर. मग दार क्षणभर बंद, मग एक मिनिट, मग खोलीत एक चक्कर, मग रिक्षानं रंकाळ्यापर्यंत. पैलवान आता टॉक् ऐकल्यावर स्वतः आत जातो आणि बीसाठी गजांतून चोच बाहेर काढून बसतो. आम्ही हे जानेवारीत सुरू केलं होतं आणि जूनमध्ये कुठं जमलं, तेव्हा पहिल्या पावसाची वाट बघू नका.